सुमंगलाकाकूंच्या नकला

ताडकळसच्या बाजारातून सुमंगलाकाकू परतल्या की मी आमचा टीव्ही बंद करायची. मधल्या भिंतीपलीकडे नकला सुरू व्हायच्या. भाव पाडून मागितला म्हणून रुसलेली मेथीवाली, एसटीत जागेवरून भांडणारे आबासाहेब, सगळी मंडळी काकूंच्या एका गळ्यातून बोलायची. समोर प्रेक्षक एकच, काशीनाथ गुरुजी. शाळेत पोरांना चळाचळा कापायला लावणारा हा मास्तर बायकोपुढे ठसका लागेपर्यंत हसायचा.

मग गुरुजींचा हात थरथरू लागला. पाऊल उचलेना, आवाज खोल गेला, चेहरा थिजला. परभणीच्या डॉक्टरांनी पार्किन्सन्स म्हणून सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या आणि पुढचा पेशंट आत बोलावला. गोळी कशाबरोबर घ्यायची, एवढं सांगायला त्यांना फुरसत नव्हती. मला त्या माणसाचा अजून राग येतो.

आपल्याकडे गोळी म्हटली की ती गरमच पडणार. त्यात काकूंच्या दारात दुभती म्हैस. प्रत्येक गोळीबरोबर पेलाभर सायीचं दूध ठरलेलं. गुण येईना, तसं काकूंनी दूध वाढवलं.

पण त्यांना खरा घोर हाताचा नव्हताच. मेथीवालीची नक्कल केली तरी गुरुजी नुसते बघत राहायचे.

"माझ्यावर रुसलेत," काकू मला म्हणाल्या. "काय चुकलं म्हाईत न्हाई, पण मन उठलंय त्येंचं."

हळूहळू नकला थांबल्या. जेवा, गोळी घ्या, झोपा, एवढंच बोलणं उरलं. अशी तीन वर्षं गेली.

गुरुजींची भाची मधुवंती डॉक्टर होऊन भेटायला आली, तेव्हा काकू दुधाचा पेला गुरुजींच्या ओठाला लावत होत्या. तिनं कपाळावर हात मारला.

"मामी, भिंतीवरून शेजारी विरजणाची वाटी देता ना? मेंदूतल्या पेशींचं तसंच आहे. शेजारीशेजारी असतात, पण मधे फट असते. एक पेशी रसायन सोडते, दुसरी ते घेते, तेव्हा निरोप पोचतो. मामांच्या मेंदूत डोपामिन नावाचं रसायन कमी पडलंय. ते बनवणाऱ्या पेशीच मरायल्यात. त्याच्याबिगर हात नीट हलत न्हाई, अन् तोंडावर हसूबी येत न्हाई."

"मग गोळी कशाला?"

"गोळीपासून मेंदूत डोपामिन बनतं. पण दुधातली प्रथिनं अन् ही गोळी, दोघांना आत शिरायला दार एकच. दुधाच्या गर्दीत गोळी बाहेरच राहायली. जेवणाच्या आधी, नुसत्या पाण्यासोबत द्यायची."

पेल्यातलं दूध काकूंनी मांजरापुढे ओतलं.

पाण्याबरोबर गोळी सुरू झाली आणि काही दिवसांत गुरुजी आधाराशिवाय अंगणात आले. सदऱ्याची गुंडी स्वतः लावू लागले. चेहरा मात्र फारसा हलला नाही, दुखणं तोवर पुढे गेलं होतं. एका सकाळी मी विरजण घ्यायला भिंतीशी गेले, तर काकू त्यांच्या पायाशी बसून रडत होत्या.

"म्याच तुमचं हसू अडवलं वो."

गुरुजी बराच वेळ ओठ जुळवत राहिले. "न्हाई गं. मी हसायचो की. आतून. लय हसायचो. तोंडावरच येईना. अन् तू... तू नकला कामून बंद केल्यास?"

काकूंनी तोंडात पदर कोंबला.

त्यानंतर त्यांनी पुन्हा सगळा बाजार घरात आणला. गुरुजींचा चेहरा तसाच, पण त्या मधे थांबून विचारायच्या, "हसलात?" आणि ते पापणी मिटायचे. जेमतेम एक पावसाळा हे चाललं. पोळ्याच्या सुमारास निमोनियानं गुरुजी गेले.

चौदाव्याला पाहुणे पांगले, तशी मी काकूंजवळ जाऊन बसले. म्हैस दावणीला ओरडत होती. मी म्हटलं, "काकू, तुम्ही मायेनंच दिलं ना दूध?"

"दुधाचं जाऊ दे बाई," त्या म्हणाल्या. "ती चूक नकळत झाली. पण ते तीन वर्षं रोज माझ्या तोंडाकडं बघत बसले, अन् म्या त्येंला एक नक्कल दावली न्हाई."