गोळी म्हणजे औषध न्हाय

आपा कुणाच्याही ‘न्हाय’वर विश्वास ठेवत नसत. पेशंट ‘न्हाय’ म्हणाला की चष्म्यावरून त्याच्याकडे बघत राहायच्या. शेवटी तो चुळबुळत काहीतरी कबूल करायचाच. सोलापुरातल्या आमच्या ट्रस्टच्या दवाखान्यात त्या फार्मासिस्ट होत्या आणि मी केसपेपर काढणारी.

औषधं तपासणारा कॉम्प्युटरवरचा प्रोग्राम त्यांनीच भांडून आणवला. दोन औषधांचं एकमेकांशी वाकडं असलं की पडदा लाल व्हायचा, नाहीतर हिरवा. डॉक्टर कुरकुरले, तेव्हा आपा त्यांच्या शेजारी स्टूल ओढून बसल्या आणि शिकवूनच उठल्या.

पण त्यातला पहिलाच प्रश्न होता, ‘इतर औषधे चालू आहेत का?’ आता आमच्याकडे औषध म्हणजे बाटलीतलं, पातळ. गोळी ती गोळी. एसीत बसून प्रश्न लिहिणाऱ्या शहाण्याला हे कोण सांगणार? नरसम्मा नावाची विडी वळणारी म्हातारी रक्त पातळ करायच्या गोळीसाठी यायची. मी प्रश्न वाचला, ती ‘न्हाय’ म्हणाली, पडदा हिरवा. मागून आपांनी विचारलं, “आणि गोळी, अम्मा?”

“गोळी हाय की, गुडघ्याची. ती काय औषध हाय व्हय?”

आपांनी कपाळावर हात मारला. या दोन गोळ्या एकत्र गेल्या तर पोटात रक्तस्राव व्हायचा. डॉक्टरांना सांगून त्यांनी गुडघ्याची गोळी तिथल्या तिथं बंद करवली.

मग त्या प्रश्न बदलायच्या मागे लागल्या. ‘गोळी, बाटली, सुई, काय काय घेता?’ एवढंच लिहा म्हणत होत्या. कंपनीवाले म्हणाले, भाषा प्रमाण हवी. ट्रस्टचे साहेब म्हणाले, लोकांना शिकवा, मशीनला नको. आजही आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. मशीनचे लाड आणि म्हातारीला शिकवणी! आपा मग स्वतःच बाकावर बसून एकेकाला विचारू लागल्या. रांग तुंबली, तक्रारी झाल्या. आता प्रोग्राम आहेच की, असं म्हणून साहेबांनी त्यांना नारळ दिला. वर शालही दिली, निर्लज्जपणे.

त्यानंतर लाल पडदा जवळजवळ दिसेनासा झाला. साहेब मीटिंगमध्ये सांगायचे, पेशंट सुधारले. काय सुधारले, डोंबल! बाकावर बसून विचारणारंच कुणी उरलं नव्हतं.

नरसम्माचे गुडघे पुन्हा धरले. ती शेजारणीकडून तीच गोळी घेऊन खाऊ लागली. आता प्रश्न वाचायचं काम आपांच्या जागी आलेल्या मुलीकडे होतं; तिने तिला पडद्यावरचा प्रश्न जसाच्या तसा वाचून दाखवला. ‘न्हाय,’ नरसम्मा म्हणाली. पुढच्याच आठवड्यात तिला रक्ताची उलटी झाली आणि मोठ्या दवाखान्यात नेताना रिक्षातच ती गेली. साहेबांनी लगेच रेकॉर्ड काढून पाहिलं. आपल्याकडे हिरवंच आहे, म्हणाले, आणि मोकळे झाले.

मयतीला आपा आल्या होत्या. रडल्या नाहीत. निघताना माझा दंड घट्ट धरून म्हणाल्या, “हिरवं होतं ना? मग मेली कशी, एवढं विचार की गं त्यांना.”

मी विचारलं. भर मीटिंगमध्ये, उभं राहून विचारलं. साहेबांनी सगळ्यांसाठी चहा मागवला.