वरंब्यावर लावलेली गाडी

रुचाचा फोन आला तेव्हा मी सिंगापूरच्या पश्चिम टोकाला, चोआ चू कांगच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे स्वस्त खाण्याच्या स्टॉल्सच्या बाजारात, डोसा घेऊन नुकतीच टेबलाशी बसले होते. "आत्या, बाबा गेले," एवढंच ती म्हणाली. झोपेतच गेला विदूदादा, माझा मावसभाऊ. उभा जन्म जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढलेला माणूस असा आवाज न करता जावा... डोसा तसाच टाकून मी पासिर रिसला रुचाकडे निघाले. बेटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एमआरटीच्या मेट्रोत रडून घेतलं, म्हणून तिच्या दारात धड उभी राहू शकले. आता महिना उलटून गेलाय.

दादाला एक विलक्षण नाद होता. बंद पडलेली ड्राइव्ह-इन थिएटरं, म्हणजे गाडीत बसून सिनेमा बघायची उघडी मैदानं, तो शोधत फिरायचा. याची सुरुवात समुद्रावरची. ऑस्ट्रेलियातल्या गहू भरायच्या एका लहानशा बंदराबाहेर त्याचं जहाज धक्क्याची वाट बघत नांगरून पडलं होतं. अंधार पडल्यावर तो वर डेकवर आला, तर दूर किनाऱ्यावर एक भला मोठा चेहरा उजळलेला, आणि त्याचे ओठ हलताहेत. आवाज अर्थातच नाही. रोज तोच सिनेमा. दादा सगळ्या पात्रांचे संवाद मनानेच रचून मराठीत म्हणायचा आणि बरोबरच्या रत्नागिरीकर फिटरची हसून हसून पुरेवाट व्हायची. निवृत्त झाल्यावर तो त्या मुलखातली तसली गावं हुडकत सुटला. भाड्याची गाडी घ्यायची, शेजारी वहिनी, आणि चालले दोघं गवत बघायला. वहिनी गेल्यावर तो रुचाच्या मागे लागला. तिचं सिंगापुरी थाटातलं उत्तर ठरलेलं, "बाबा, तिथे काहीच नाहीये, लाह. एम्प्टी लँड बघायला कोण जातं?" सिंगापूरच्या पश्चिमेलाही असं एक थिएटर कधीकाळी होतं, निदान तिथवर तरी चक्कर मारू म्हणायचा. तिला तेवढीही सवड नव्हती. आणि तिची तक्रारही खरीच होती. लहानपणी बाबा जहाजावर, आणि घरी आले तरी तिचं बोलणं कधी ऐकायचे नाहीत. ती काही सांगायला लागली की हा मान डोलवायचा आणि भलतंच विचारायचा.

शेवटी माझा बकरा झाला. रजा काढून मी त्याच्याबरोबर ऑस्ट्रेलियाला गेले. एका गावाबाहेर त्याने गाडी थांबवली, हात मागे बांधून माळावर फिरला आणि जाहीर केलं की हेच ते. ड्राइव्ह-इनची खूण म्हणजे जमिनीतले वरंबे. गाडीचं नाक वर राहावं म्हणून मातीचे लांब उंचवटे घालतात. पडदा जातो, खांब भंगारात जातात, वरंबे मात्र राहतात. वरंबे तिथे होते खरे. तेवढ्यात जमिनीचा मालक आला, दादाच्या उजव्या अंगाला उभा राहिला आणि म्हणाला की इथे त्याच्या वडिलांची द्राक्षबाग होती. दादाने अदबीने मान डोलवली आणि विचारलं, "मग शेवटचा सिनेमा कोणता लागला होता?" मालक माझ्याकडे बघत राहिला. मला आधी हसू आलं, आणि मग मालक दादाच्या कुठल्या बाजूला उभा आहे ते मी बघितलं.

खरी जागा त्या मालकानेच दाखवली. तिथले वरंबे कमानीसारखे वळलेले होते, सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला, आणि त्या बाजूला नुसतं आभाळ. दादाने गाडी एका वरंब्यावर चढवली. मी सरळच विचारलं, उजव्या कानाने किती ऐकू येतं? काहीच नाही, म्हणाला. इंजिनने कधीच खाल्ला होता. मेडिकल तपासणीत नापास होऊन जहाजावरची नोकरी सुटेल या धास्तीने बोटीवरची माणसं हे लपवतात. त्यानेही लपवलं, आणि निवृत्तीनंतरही ती सवय गेली नाही. कानाला मशीन लाव म्हणून मी भांडले, तेव्हा समोरच्या आभाळाकडे बघत तो म्हणाला, "गाडीत शेजारचा माणूस माझ्या डावीकडे असतो गं. सगळं ऐकू येतं. म्हणून तर हा खटाटोप." थोड्या वेळाने म्हणाला, "रुचाला सांगू नकोस. ऐकू येत नाही हे कळलं, तर आहे तेवढंही बोलायची नाही ती."

दादा मोठा, पण या बाबतीत शुद्ध वेडा होता. तरी मी शब्द पाळला. तो शब्द दादाच्या असण्यापुरता होता, असं आता माझं मीच ठरवलंय.

गेल्या रविवारी दादाचा फ्लॅट आवरायला गेले. हॉलच्या खिडकीशी दोन खुर्च्या, समोरासमोर नाहीत, शेजारी शेजारी, बाहेर तोंड केलेल्या. दूरवर नांगरलेल्या जहाजांचे दिवे दिसतात तिथून. उजवीकडची दादाची. रुचा म्हणाली, "हे बघ ना आत्या. मी बोलायला आले की ह्या चेअरवर बस म्हणायचे आणि स्वतः विंडोबाहेर बघत राहायचे. माझ्याकडे कधी बघितलंच नाही." मग मी सांगितलं... कान, गाडी, द्राक्षबाग, सगळं.

अर्धवट भरलेले खोके तसेच राहिले. मी चहा टाकायला आत गेले, तेव्हा ती डावीकडच्या खुर्चीत जाऊन बसली होती. चहा घेऊन आले तर तिचा आवाज कानावर आला. खिडकीबाहेर बघत, अर्ध्या मराठीत, अर्ध्या इंग्लिशमध्ये, ऑफिसात त्या आठवड्यात काय काय झालं ते ती सांगत होती. मी कप घेऊन दारातच थांबले. बसायला उजवीकडची खुर्ची होती, पण ती रिकामी नव्हती.