बाबीकाकांनी गाळलेलं पेट्रोल

समस्त मुलुंडकरांना, आमच्या सोसायटीच्या आजी-माजी सभासदांना, तसेच ज्यांनी ज्यांनी माझ्या तोंडून ‘गाडी नाक्यावर बसली’ हा किस्सा ऐकून हसून हसून डोळे पुसले त्या सर्व मान्यवरांना या सूचनेद्वारे कळवण्यात येते, की सदर किस्सा खोटा आहे. बाब गंभीर असून तिची नोंद घ्यावी.

घेतलीत? मग आता जरा जवळ सरका. पुढचं मोठ्याने सांगण्यासारखं नाही — आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा. आणि माझ्यासारख्याने नऊ वर्षं एखादी गोष्ट पोटात ठेवायची म्हणजे काय, हे मला ओळखणाऱ्यांना विचारा. मी लिफ्टमध्ये तीन मजल्यांत दोन किस्से बसवणारा माणूस.

गाडी माझ्या वडिलांची. स्टिअरिंगच्या दांड्याला गिअर, पुढे सोफ्यासारखी एकसंध सीट, आणि दार लावलं की तिजोरी लावल्यासारखा आवाज. ती आजही रस्त्यावर आहे ती बाबीकाकांमुळे. बाबीकाका म्हणजे वडिलांच्या वेळेपासूनचे आमचे मेकॅनिक. मूळचे मालवणकडचे, त्यांचे वडील गिरणीत होते, हे गाड्यांत पडले. विक्रोळीत एका बंद कारखान्याच्या भिंतीला लागून त्यांची पत्र्याची शेड होती. मला ते अजून ‘झील’ म्हणतात — पोरगा. माझे अर्धे केस गेले तरी.

त्यांचं एक ठाम मत. जुनी गाडी इंजिनामुळे मरत नाही, घाणेरड्या पेट्रोलमुळे मरते. लोखंडी टाकी आतून गंजते, गंजाचे कण पेट्रोलबरोबर पुढे जातात आणि कार्ब्युरेटरची केसाएवढी भोकं बुजवतात. म्हणून वाटेत फिल्टर — बोटभर लांबीची प्लॅस्टिकची डबी, आत घड्या घातलेला कागद. पण काकांचा फिल्टरवर विश्वास नव्हता. “फिल्टर म्हणजे राखणदार. घरात घाणच नको ना!” म्हणून टाकी पाव भागाच्या खाली कधी जाऊ द्यायची नाही, कॅनमधलं पेट्रोल मलमलीतून गाळूनच ओतायचं, आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी टाकीच्या तळाचं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून उन्हात धरून बघायचं.

नऊ वर्षांपूर्वी अंधेरीचे एक हौशी गृहस्थ गाडी बघायला येणार होते. त्यांच्याकडे अकरा जुन्या गाड्या, सगळ्यांसाठी एकच भरवशाचा माणूस हवा होता. काकांनी नमुना म्हणून माझी गाडी दाखवायची ठरवली. येण्याचा दिवस ठरला दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीचा. तुमच्या लक्षात येतंय का? साठीच्या उंबरठ्यावर बाबीकाकांना पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्या हातावरून ओळखणार होतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्यांनी आमच्या आवारात टाकीच उतरवली. आत खडे घालून खळखळवली, तीनदा पेट्रोलने धुतली, जुन्या धोतराची मलमल नरसाळ्यात घालून पेट्रोल थेंबथेंब गाळून भरलं. नवा फिल्टर बसवला. बाटली उन्हात धरली तर पलीकडची खिडकी दिसत होती, तिच्यावर वाळत घातलेला टॉवेल दिसत होता.

आता मी तुम्हाला खड्यांचा आकार सांगायला लागलो, तर ओळखा की मी टाळतोय.

दसऱ्याला गाडीची पूजा झाली. झेंडूचा हार, चाकांखाली लिंबं, बॉनेटवर हळदकुंकू. तबकात देवघरातल्या पंचामृताची वाटी होती. बायको पेढे आणायला वर गेली आणि मी गाडीपाशी एकटाच उरलो. मनात आलं — सगळ्यांना तीर्थ, आणि जिची पूजा तिलाच नाही? टाकीचं झाकण उघडलं आणि पळीभर पंचामृत आत सोडलं. दूध, दही, तूप, मध, साखर. वर एक तुळशीचं पान.

पळीभर नाही. नऊ वर्षं मी स्वतःशीसुद्धा पळीभर म्हणत आलो. वाटी रिकामी केली.

का? गंमत म्हणून. प्रेक्षक नसताना मी केलेली ती आयुष्यातली एकमेव गंमत. टाकीत काय जाऊ द्यायचं नाही हे मला कुणाहीपेक्षा चांगलं माहीत होतं — लहानपणापासून ऐकत होतो ना! मग? अकरा गाड्या मिळाल्या की काका आपल्या एका गाडीला विचारतील का, असं काही मनात होतं का तेव्हा? मला वाटतं, नव्हतं. पण नसलेली गोष्ट मी इतक्या वेळा का चाचपून बघतो?

दुसऱ्या दिवशी काका इस्त्रीचा शर्ट घालून आले. गृहस्थ पुढे माझ्या शेजारी, काका मागे. चेक नाक्यापर्यंत गाडी लोण्यासारखी गेली. तिथे एकदा खोकली, दोनदा खोकली, आणि सिग्नलला बसली. मागे हॉर्नचा नुसता गजर. काकांनी बॉनेट उघडलं. परवाच बसवलेल्या फिल्टरमध्ये पिवळट, चिकट लगदा होता. गृहस्थांनी वाकून बघितलं आणि सभ्यपणे म्हणाले, “टाकी साफ केली होती म्हणालात ना?” मग रिक्षा केली.

काका फिल्टर हातात घेऊन फुटपाथवर बसले. लगद्यात त्यांना पानाचा एक काळा पडलेला तुकडा सापडला. मला वाटलं, झालं. आता वास घेतील, तुपाचा वास ओळखतील, वर बघतील. त्यांनी वर बघितलंच नाही. म्हणाले, परवा टाकी उघडी ठेवून मी चहा प्यायला गेलो होतो, वरच्या झाडावरून काहीतरी पडलं असणार. दहा मिनिटं, झीला. दहाच मिनिटं.

त्या वेळी एक वाक्य पुरलं असतं. रिक्षा अजून सिग्नललाच होती. मला तिच्यातला माणूस दिसत होता.

मी म्हणालो, “असू दे काका, होतं असं.” मी त्यांना माफ केलं! कळतंय का तुम्हाला? त्यांनी माझा हात धरला आणि मी तो धरू दिला.

इतकंच असतं तर त्याला भ्याडपणा म्हणून मोकळा झालो असतो. पण मी किस्सेवाला. चारच दिवसांनी सोसायटीच्या कोजागरीला कुणीतरी विचारलं, गाडी नाक्यावर बसली म्हणे? आणि माझ्या तोंडून गोष्ट सुरू झाली. मलमलीच्या जागी मी काकांचं बनियन घातलं. मेस्त्रींनी अंगातलं बनियन काढून पेट्रोल गाळलं, ते टाकीतच विसरले, आणि नाक्यावर गाडीने खोकून खोकून बाहीसकट ओकलं! मी गाडी झालो, मी बनियन झालो, हॉर्नसुद्धा मीच. लोक खुर्चीवरून घसरले. तेव्हापासून लग्न असो, मुंज असो, “तो बनियनवाला सांग ना यार!”

किस्सा मुलुंडहून विक्रोळीला पोचायला कितीसा वेळ लागतो? लोक गाडी सोडताना काकांना विचारायला लागले, “काय मेस्त्री, आज बनियन घातलंय ना?” काका हसायचे. हळूहळू विचारणारेही कमी झाले. अंधेरीच्या अकरा गाड्या तर गेल्याच होत्या, पण रोजच्या चारचाक्याही गेल्या. शेड सोडावी लागली. आता ते रस्त्याच्या कडेला स्कूटर दुरुस्त करतात. आणि माझी गाडी. फक्त माझी गाडी.

नाक्यावरच्या त्या दिवसापासून काका पहिला रविवार चुकवत नाहीत. गुडघे दुखतात, तरी चावी न्यायला वर येतात. तळाचं पेट्रोल बाटलीत काढतात, उन्हात धरतात, पण आता स्वतः बघत नाहीत. माझ्यासमोर धरतात. “बघ रे झीला, माज्या डोळ्यांचो भरवसो नाय.” मी म्हणायचं, साफ आहे काका. ते परत विचारतात. नीट बघितलंस ना? मी परत म्हणायचं, साफ आहे. दर महिन्याला. गाडी विकू म्हटलं तर त्यांच्याकडे चारचाकी उरत नाही. खरं सांगू म्हटलं तर आधी नऊ वर्षांचे रविवार सांगावे लागतात, बनियन सांगावं लागतं, तो धरू दिलेला हात सांगावा लागतो. मी दर वेळी आदल्या शनिवारी झोपताना वाक्य जुळवतो. रविवारी बाटली समोर येते आणि मला माझं वाक्य ऐकू येतं — साफ आहे.

गेल्या महिन्यात घाटकोपरला माझ्या भाचीचा साखरपुडा होता. नवरा मुलगा आमच्या गाडीतून यावा अशी तिची हौस, म्हणून गाडी चालवायला काका होते. जेवणं झाली आणि हाकाटी सुरू झाली — मामा, बनियन! मामा, बनियन! मी घसा बसलाय म्हणालो. पाणी आणून दिलं. मी म्हणालो, जुना झाला रे तो. टाळ्यांचा ठेका सुरू झाला. मी काकांकडे बघितलं. ते मागच्या खुर्चीवर इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते आणि सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होते. त्यांनी मान हलवून मला खूण केली, सांग.

मी सांगितला. बाहीसकट. आणि चांगला रंगवला.

हसणं ओसरल्यावर नवऱ्या मुलाच्या आत्याने मागे वळून काकांना विचारलं, “अहो, पण हे खरंच झालं होतं का?” काका खुर्चीचा हात धरून उठले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “चूक माजीच ती! तरी ह्या झिलान गाडी माज्याकडसून काढून घेतल्यान नाय, ह्यां काय कमी?”