गुडघ्याचे मोजे

आमच्या घरात कुठलीही गोष्ट वाढत्या मापाची घ्यायची पद्धत आहे. गणवेश असो, स्वेटर असो, पावसाळी बूट असोत, सगळं बोटभर सैल. माझ्या नवऱ्याच्या अंगात हे इतकं मुरलंय, की त्रेचाळीस वर्षांच्या बायकोला वाढदिवसाला नी-स्लीव्ह आणल्या त्याही एक माप मोठ्या. "असू दे जरा सैल, रक्त थांबायला नको," हे वर. मी आता या वयात कुठून वाढणार होते ते त्यालाच माहीत. त्या घालून मी जिममध्ये पहिली बैठक मारली आणि उभी राहीपर्यंत दोन्ही स्लीव्ह पोटरीवर येऊन बसल्या. शाळेतल्या पोरींचे मोजे घसरतात ना, अगदी तशा. कोच हसला नाही, हे त्याचे उपकार.

नी-स्लीव्ह म्हणजे गुडघ्यावर चढवायची जाड, रबरासारख्या कापडाची नळी. पाठीवर जड बार घेऊन बैठका मारणारे लोक ती घालतात. खरं तर ही दुसरी चूक होती. पहिली मी स्वतःच केली होती, औषधांच्या दुकानातून वाटीपाशी भोक असलेली नी-कॅप आणून. ती बघून कोच म्हणाला होता, "ताई, ही घरी आईंना द्या. दुखऱ्या गुडघ्याची वस्तू वेगळी आणि जड वजनाची वेगळी." आईंकडे, म्हणजे माझ्या सासूबाईंकडे, तसली एक आधीच होती. कपाटात, न वापरलेली.

मग त्याने शिंप्याची टेप आणली, मला पाय सैल सोडून उभं केलं आणि गुडघ्याच्या बरोबर मध्यावरचा घेर मोजला. माझं माप दोन साइजच्या मध्ये आलं. आमच्या घराण्याच्या रीतीने मी मोठ्याकडे बोट दाखवलं, त्याने लहान मागवली. सात मिलिमीटर जाडीची. "गुडघा गरम राहतो, धरल्यासारखा वाटतो आणि खालून उठताना थोडा रेटा मिळतो," तो म्हणाला. "पण चुकीची बैठक स्लीव्हने बरोबर होत नाही. ते तुमचं तुम्हीच बघायचं." रोज घालायचीही नाही, फक्त जड सेटना, एवढं त्याने दोनदा बजावलं. ती नवी जोडी इतकी घट्ट होती की माझी मी चढवायला गेले की घामच फुटायचा. जिममध्ये माझ्याबरोबर येणारी एक मैत्रीण होती. मी बाकावर बसायचे, पाय तिच्या मांडीवर टेकवायचे आणि ती दोन्ही हातांनी ओढायची. ओढता ओढता मला शिव्याही द्यायची.

मला बैठका आवडतात, हे सरळच सांगते. दिवसभर मी हिंजवडीत खुर्चीत बसून लोकांच्या पगाराच्या तक्रारी ऐकते. संध्याकाळी मारुंजीच्या जिममध्ये बार पाठीवर आला, की डोक्यात दुसरं काही राहतच नाही. फक्त खाली जायचं आणि वर यायचं. इतकं स्पष्ट काम मला दिवसभरात कुणी दिलेलं नसतं.

सासूबाईंना मात्र ते बघवत नव्हतं. आम्ही माणमध्ये त्यांच्याच घरात राहतो. आता आजूबाजूला टॉवर झाले, पण त्या घरात आल्या तेव्हा समोर खाचरं होती आणि त्यांनी अर्धं आयुष्य भाताचे आणि गवताचे भारे डोक्यावरून वाहिले. त्यांचे दोन्ही गुडघे गेलेत. जमिनीवर बसल्या तर कुणीतरी काखेत हात घातल्याशिवाय उठता येत नाही, म्हणून त्या जमिनीवर बसतच नाहीत. पूजेला खुर्ची, हळदीकुंकवाला खुर्ची. त्यांच्या लेखी पाठीवरचा बार आणि डोक्यावरचा भारा यात काडीचा फरक नव्हता. मी जिममधून आले की त्यांचा एकच प्रश्न असायचा, "दुखतोय का?" नाही म्हटलं की म्हणायच्या, "मलाबी तवा न्हाई दुखला. मागनं कळतं."

मी सुरुवातीला वाद घातला. मी थोडं थोडं वजन वाढवते, विश्रांती घेते, तुम्हाला कुणी विश्रांती दिली नाही, वगैरे. त्या ऐकून घ्यायच्या आणि मान फिरवायच्या. माझ्या स्लीव्ह बादलीत साबणाने धुऊन दोरीवर टाकल्या, की त्या बाजूला बघायच्याही नाहीत. "ते तुजं गुडघ्याचं मोजं वास मारत्यात," एवढंच. वासाबद्दल त्यांचं म्हणणं खरं होतं. पण मला वाईट वाटायचं. त्यांनी हो म्हणावं, कौतुक करावं, असं काही मला नको होतं. मी ते वजन घेऊन उठते ते त्यांनी फक्त एकदा बघावं, एवढंच वाटायचं. बघितलं असतं तर रोज संध्याकाळी मी दाराची कडी वाजवेपर्यंत त्यांच्या जिवाला जो घोर लागायचा तो कमी झाला असता. माझ्याही जिवाला बरं वाटलं असतं.

आसपासच्या चार-पाच जिमनी मिळून एक छोटी स्पर्धा ठरवली आणि चाळिशीपुढच्या बायकांमध्ये मी नाव दिलं. मला शंभर किलो पाठीवर घेऊन उठायचं होतं. जिममध्ये एकदाच जमलं होतं, तेही दात-ओठ खाऊन. नवरा सोबत येणार होता, पण आदल्या दिवशी त्याच्या चाकणच्या कंपनीने रविवारचा ओव्हरटाइम लावला. मैत्रिणीच्या लेकीला ताप भरला. सकाळी मी एकटीच पिशवी भरत होते तर सासूबाई नेसून, डोक्यावरून पदर घेऊन दारात उभ्या.

"मी येते," त्या म्हणाल्या.

मी हरखलेच. "बघायला?"

"न्हाई. तुला घरी आणाया कुनीतरी पायजे का नको?"

म्हणजे मी स्ट्रेचरवरून येणार हे त्यांचं ठरलेलंच होतं. कॅबमध्ये त्यांनी सोबत घेतलेली सुती ओढणी मला दाखवली, गुडघा बांधायला लागला तर म्हणून. मला हसू आवरेना आणि रडूही येत होतं.

चिंचवडच्या त्या हॉलमध्ये त्यांनी खुर्ची घेतली आणि ती फिरवून भिंतीकडे तोंड करून बसल्या. मागे बार आपटत होते, पोरं "चल भावा, उठ" म्हणून ओरडत होती. प्रत्येक आवाजाला सासूबाईंचे खांदे वर जात होते. माझी पाळी जवळ आली तशी मी त्यांच्या शेजारच्या बाकावर बसले आणि स्लीव्ह चढवायला घेतल्या. हात घामाने ओले, पाय ओले. उजवी स्लीव्ह नडगीपर्यंत गेली आणि अडकली. ओढली तर पीळ पडला. काढली, परत घातली, परत अडकली. मोठ्या स्पर्धांमध्ये ती ज्याची त्यानेच चढवायची असते म्हणतात, इथे तसलं काही नव्हतं. पण मदतीला होतं कोण? कोच दुसऱ्या कुणाच्या तरी मागे उभा होता. माझं नाव आता तिसरं पुकारायचं होतं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी तयारी करून मी एका रबराच्या नळीपुढे हरत होते.

सासूबाईंनी खुर्ची माझ्याकडे वळवली. पिशवीतून लाडवाचा डबा काढला आणि तो गुंडाळलेली प्लॅस्टिकची पिशवी सोडली.

"पाय दे."

"आई, नको."

"कासार घट्ट बांगडी कशी चढवतो? हातावर पिशवी घालूनच ना? पाय दे म्हनते."

त्यांच्या अंथरुणाला चुकून माझा पाय लागला तरी मी हात लावून तो छातीशी नेते. लहानपणापासूनची सवय आहे ती, विचारही करावा लागत नाही. आणि आता मी त्यांच्या मांडीवर पाय ठेवायचा? चारचौघांत? मी पाय मागे घेतला. त्यांनी घोटा धरला, ओढला आणि आपल्या लुगड्यावर ठेवला. सैल नाही, ठाम. माझ्या पायाचं वजन त्यांच्या दुखऱ्या गुडघ्यावर येऊ नये म्हणून मी मांडी आखडून धरली, तर त्यांनी चापट मारली. "सोड की. जड न्हाईस तू."

पावलावर पिशवी चढवली, तिच्यावरून स्लीव्ह सरकवली. ती सरसर वर गेली. गुडघ्यापाशी त्यांनी दोन्ही हातांनी हिसका दिला, पीळ काढला, पिशवी खालून ओढून घेतली. मग दुसरा पाय. तो झाल्यावरही त्यांनी सोडला नाही. स्लीव्हवरूनच अंगठ्याने वाटीभोवती दाबून बघायला लागल्या, एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने, आंबा पिकलाय का बघावं तसं.

"हितं दुखतंय?"

"नाही."

"हितं?"

"नाही, आई."

"खरं सांग मला. माज्याशी खोटं बोलू नगं."

मी त्यांच्याकडे बघितलं. वर्षभर त्या मला टोमणा मारत नव्हत्या, खरोखर विचारत होत्या. मला तोवर ते कळलंच नव्हतं. "खरंच कुठे दुखत नाही," मी म्हटलं, आणि पहिल्यांदा त्यांचा विश्वास बसल्यासारखा वाटला. माझं नाव पुकारलं. मी उठून पाया पडायला वाकले, तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे, वाकू नगं आता. तिकडं वाक."

पहिली दोन वजनं नीट गेली. तिसऱ्याला शंभर किलो. बार पाठीवर घेतला तेव्हा गुडघ्यांभोवती ती घट्ट पकड होती, आणि मला ती रबराची वाटत नव्हती. खाली गेले. तळाशी एक क्षण काहीच हललं नाही, वर जायचं की खाली ते माझं मलाच कळेना. मग हळूहळू, अगदी हळूहळू, सगळं वर आलं. पंचांनी हात खाली केला, बार जागेवर गेला, कोचने माझ्या पाठीत धपाटा घातला. मी वळून बघितलं तर सासूबाई उभ्या होत्या. खुर्चीच्या पाठीला धरून, तोंडाला पदर लावून.

नंबर दुसरा आला. आमच्या गटात आम्ही तिघीच होतो, त्यामुळे फार मिरवण्यात अर्थ नाही. स्लीव्ह त्यांनीच ओढून काढल्या, वासाला नाक मुरडलं, आणि माझ्या गुडघ्यांवर उमटलेले लाल वळ तळव्यांनी चोळत राहिल्या. कॅबमध्ये आम्ही दोघींनी लाडू खाल्ले. वाकडच्या चौकात गाडी अडकली तेव्हा मला राहवेना.

"आई, बघितलंत का?"

त्यांनी आधी तोंडातला घास संपवला. बाहेरच्या गर्दीकडे बघत म्हणाल्या, "खाली जाताना न्हाई बघितलं. डोळं मिटलं व्हतं. खाली जानं माजं मला ठावं हाय."

मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"उठताना बघितलं."