थेट नाटकातले बारा सेकंद

आमच्या रेडिओ केंद्रावर नाटक आता बहुधा आधी ध्वनिमुद्रित होतं. चूक झाली की थांबायचं, पुन्हा बोलायचं, नको ते नंतर कापून टाकायचं. त्या संध्याकाळी मात्र आम्ही पाच उद्घोषक धारवाडच्या स्टुडिओत उभे राहून नाटक थेट ऐकवणार होतो. नाटक सरांनी लिहिलेलं होतं. सर चार महिन्यांपूर्वी गेले होते.

सर आमच्या केंद्राचे जुने उद्घोषक. निवृत्त झाल्यावरही नाटकं बसवायला तेच यायचे. मी जुन्या हुबळीतला. वडील शिलाईकाम करायचे. पदवीपर्यंत पोचलेला आमच्या घरातला मी पहिलाच. घरी मराठी, शाळेत कन्नड, आणि दोन्हींत बोलताना मला घाई व्हायची. कुणी मध्येच गप्प करील या भीतीनं मी वाक्य उरकून टाकायचो. पहिल्याच तालमीत सर म्हणाले, "तम्मा, तुझी हुबळीची बस चुकायलीय काय? वाक्य कुठं पळून जात नाही. निवांत बोल की." तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. मला नोकरीवर असं कुणी हाक मारील, असं वाटलं नव्हतं.

पुढं त्यांनी माझ्यावर एक उपाय काढला. तालीम टेबलाभोवती बसून व्हायची, तेव्हा काही नाही. पण माइकपुढं उभं राहिल्यावर लाल दिवा लागला की ते माझ्या मागं येऊन उभे राहायचे आणि उजव्या खांद्यावर हात ठेवायचे. हात नुसता असेपर्यंत मी गप्प राहायचं. हात दाबला की बोलायचं. आमच्यातली एक उद्घोषिका मला चिडवायची, "सरांनी कासरा ओढल्याशिवाय हा बैल काही पाऊल टाकत नाही." मीही हसायचो. अकरा वर्षं असंच चाललं. लोक माझ्या बोलण्यातल्या विरामांचं कौतुक करायचे. ते विराम माझे नव्हतेच.

सरांचं हे नाटक कन्नडमधलं. दृष्टी गेलेला एक म्हातारा मास्तर घरात एकटा राहतो. आईच्या अंत्यविधीलाही न आलेला त्याचा मुलगा तीन वर्षांनी दारात येऊन उभा राहतो. म्हाताऱ्याचं काम सरांनी स्वतःसाठी लिहिलं होतं आणि मुलाचं माझ्यासाठी. नाटक थेटच करायचं, असा त्यांचा हट्ट होता. "ऐकणाऱ्याला आणि आपल्याला भीती एकाच वेळी वाटली पाहिजे," असं ते म्हणायचे. ते गेल्यावर म्हाताऱ्याचं काम आमच्यातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या सहकाऱ्याकडं गेलं.

सरांच्या पत्नीला आम्ही सगळे अक्का म्हणतो. त्या मिरजेकडच्या, त्यामुळं माझ्याशी मराठीतच बोलतात. सर गेले त्या दिवसापासून त्यांनी स्वयंपाकघरातला रेडिओ लावला नव्हता. आमंत्रण द्यायला मी सुभाष रोडच्या मागच्या त्यांच्या घरी गेलो, तर म्हणाल्या, "स्टुडिओत नको रे. तिथं मला ते दिसत राहतील. घरीच ऐकते. पण एवढंच हं, एकदा. त्यांचं नाटक संपलं की तो डबा कुणालातरी देऊन टाकणार आहे मी."

म्हणजे आम्हाला एकच संधी होती.

पाच वाजता लाल दिवा लागला. सुरुवातीची दहा मिनिटं छान गेली. मग माझा प्रवेश आला. स्टुडिओत आवाजासाठी ठेवलेला दाराचा एक छोटा सांगाडा आहे, त्याची कडी त्या उद्घोषिकेनं वाजवली. म्हाताऱ्यानं विचारलं, "कोण?"

मी उत्तर द्यायचं होतं. शब्द समोरच्या कागदावर होते आणि पाठही होते. मी काहीही विसरलो नव्हतो. मी फक्त उभा होतो. मनात भीती नव्हती, उलट फार दिवसांनी शांत वाटत होतं. उजव्या खांद्यावर हात आहे आणि तो अजून दाबलेला नाही, एवढंच मला जाणवत होतं. मागं कुणीतरी सावकाश श्वास घेत होतं. काचेपलीकडं तंत्रज्ञ दोन्ही हात हलवत होता. तो मला दिसत होता, पण त्याचा माझ्याशी काही संबंध आहे असं वाटत नव्हतं. मी वाट पाहत होतो.

शेवटी त्या उद्घोषिकेनं कडी पुन्हा वाजवली, या वेळी जोरात. मी दचकलो. खांदा एकदम हलका झाला. "अप्पा, मी," मी म्हणालो, आणि नाटक पुढं सुरू झालं.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "काय रे झालं? घाम फुटला मला." मी म्हणालो, "सरांनी दाबलं नाही." तंत्रज्ञानं नंतर मोजून सांगितलं, बारा सेकंद. थेट प्रसारणात बारा सेकंद म्हणजे फार मोठा काळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अक्कांकडं गेलो. त्या स्वयंपाकघरात मेथी निवडत होत्या.

"'कोण' म्हणाले आणि डबा गप्प झाला बघ," त्या म्हणाल्या. "दोनदा थोपटला. काही नाही. मग बंद करून टाकला. म्हटलं, आपल्या वाट्याला एवढंच होतं."

"अक्का, डबा बिघडला नव्हता. मी बोललो नाही. चूक माझी." मला त्यांच्याकडं बघवेना. ध्वनिमुद्रण माझ्या फोनमध्ये होतं, पण त्यात ते बारा सेकंदही होते. तरी विचारलं, "फोनवर ऐकवू?"

"त्या फोनमधलं मला नीट ऐकू येत नाही. कागद आणलेत नव्हे? वाच की."

मी पाटावर बसलो आणि 'कोण'पासून वाचायला लागलो. मुलाचं वाक्य म्हटलं आणि म्हाताऱ्याचं वाक्य वाचायला तोंड उघडलं, तोच ते अक्कांनीच म्हटलं. मेथीवरची नजर न उचलता, कन्नडमध्ये, सरांच्या संथ लयीत. पुढचंही, त्याच्या पुढचंही. एक शब्द चुकला नाही. इथं याच घरात सर दोन वर्षं ते घोकत होते. मी मुलाची वाक्यं वाचत राहिलो.

शेवटच्या पानावर मुलगा विचारतो, "अप्पा, मी आत येऊ?" त्याखाली फक्त 'संगीत' असं टाइप केलेलं आहे. मी कागद खाली ठेवायला लागलो.

"चपला आत काढ," अक्का त्याच आवाजात म्हणाल्या. "बाहेर कुत्री नेतात."

मी पान उलटून पाहिलं.

"त्यात नाही ते," त्या मराठीत म्हणाल्या. "त्यांनी खोडलं. म्हणे, उत्तर ऐकणाऱ्यानं द्यायचं. यावरनं दोन दिवस अबोला होता आमचा. पोरगं दारात उभं आहे आणि हे संगीत लावायलेत! काय माणूस म्हणायचा!" त्यांना हसू आलं. मग डोळे पुसून म्हणाल्या, "तेवढंच पुन्हा म्हण बघू."

मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच उत्तर दिलं. तिसऱ्यांदाही दिलं, जरा थांबून.

चौथ्यांदा मी विचारलं, "अप्पा, मी आत येऊ?" अक्का काही बोलल्या नाहीत. मेथीच्या काड्या त्यांनी सुपात गोळा केल्या, गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि मोरीकडं गेल्या. सरांनी नाटक संपवलं होतं तसंच, उत्तराशिवाय. मी कागद धरून उत्तराची वाट बघत बसलो.