डिंकाच्या भट्टीला बर्फ

चैत्रातला दुसरा सोमवार. रक्कम सव्वीस हजार रुपये. हजर आम्ही सात जण: सहा संचालक आणि सातव्या आमच्या केमिस्टबाई. ही रक्कम कुणाकडून येणं नव्हती आणि कुणाला देणंही नव्हती. मागच्या महिन्यात आमच्या औद्योगिक सहकारी सोसायटीच्या चिमणीतून तेवढ्या किमतीचं रसायन वाफ होऊन उडून गेलं होतं. मी सोसायटीचा खजिनदार, त्यामुळे आकडा मला वाचावा लागला.

"हवेच्या नावावर खर्च टाकायचा तर व्हाउचरवर सही कुणाची घ्यायची?" चेअरमन म्हणाले. दोघे हसले. बाई हसल्या नाहीत.

नेकनूरच्या अलीकडे आमचं लहानसं युनिट होतं. सुतार लाकूड जोडायला वापरतात तो पांढरा डिंक तिथे तयार व्हायचा. त्यासाठी लागणारं मुख्य रसायन, व्हिनाइल ॲसिटेट, मुंबईकडून पिंपांतून यायचं. पाण्यासारखं पातळ आणि वासाला झणझणीत. झाकणबंद भट्टीतल्या गरम पाण्यात ते हळूहळू सोडायचं, म्हणजे त्याचे कण एकमेकांना साखळीसारखे जोडले जातात आणि दाट दुधासारखा डिंक होतो. पण हे रसायन पाण्याच्या बरंच आधी उकळतं. म्हणून भट्टीच्या डोक्यावर कंडेन्सर असतो. त्याच्याभोवती थंड पाणी खेळतं आणि वर आलेली वाफ निवून थेंबाथेंबानं पुन्हा भट्टीत पडते.

पाऊसपाणी बरं होतं तोवर विहिरीचं पाणी कंडेन्सरमधून फिरून शेजाऱ्याच्या कडवळाच्या चाऱ्याला जायचं. त्या दुष्काळात विहीर आटली. मग टाकीतलं तेच ते पाणी फिरवावं लागलं. दुपारपर्यंत ते अंघोळीच्या पाण्याइतकं तापायचं आणि वाफ न निवता सरळ चिमणीतून बाहेर पडायची. एका वेळी होणाऱ्या मालाला आम्ही घाणा म्हणायचो. एका घाण्याला दोनशे लिटर रसायन लागायचं आणि त्यातलं दहा लिटर उडून जायचं. लिटरला शंभर रुपये, महिन्याला सव्वीस घाणे.

चेअरमनांचं म्हणणं होतं की पाऊस पडेपर्यंत युनिट बंद ठेवावं. बंद म्हणजे पाकिटं भरणाऱ्या अकरा बायकांचं काम बंद. त्यांतल्या थोरल्या बाईंना सगळे आक्का म्हणत. नवऱ्याबरोबर कितीतरी हंगाम ऊसतोडीला गेलेल्या आक्का त्या वर्षी पहिल्यांदाच घरी राहिल्या होत्या. मुलगी आता दहावीत जाणार होती. युनिट बंद पडलं तर घर चालवायला उन्हाळ्यातच ऊसतोडीच्या मुकादमाकडून आगाऊ पैशांची उचल घ्यावी लागणार, आणि उचल घेतली की दिवाळीच्या आधी कोयता घेऊन निघावंच लागतं. पोरगी एकटी मागं ठेवायची, की शाळा सोडवून बरोबर न्यायची, एवढंच मग हाती उरतं. चहाचे कप घेऊन आलेल्या आक्का दाराशीच थांबल्या होत्या. कप परत न्यायचे होते हे खरं, पण बैठकीत कुणाचाच चहा संपला नव्हता.

"मला एक महिना द्या," बाई म्हणाल्या. "आणि रोज बर्फाच्या दोन लाद्या."

बाई तिशीच्या, धर्मापुरीकडच्या. औरंगाबादला शिकलेल्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी जे सांगितलं ते मला आजही सुंदर वाटतं. घाण्यासाठी रोज अडीचशे लिटर पाणी आपण टँकरवाल्याकडून विकत घेतोच. त्यातलं शंभर लिटर बर्फाच्या रूपात घ्यायचं. बर्फ आधी चिमणीकडे निघालेली वाफ पकडेल, आणि वितळला की तेच पाणी दुसऱ्या दिवशी घाण्याला वापरायचं. पाणी एकदाच विकत घ्यायचं आणि त्याच्याकडून दोन कामं करून घ्यायची.

"मॅडम, दुष्काळात बर्फ? लोक जोडे घेऊन येतील," चेअरमन म्हणाले.

"येऊ द्या. त्यांनाही दाखवू."

"आणि नाही परवडलं तर बर्फाचे पैसे?"

"माझ्या पगारातून कापा. तसं लिहून घ्या."

तसं लिहून घेतलं.

दूध संघाच्या भंगारातली एक स्टीलची टाकी आणली. तिच्यात स्टीलच्या नळीचं वेटोळं बसवलं. चिमणीचं तोंड त्या नळीला जोडलं, टाकीत बर्फ भरला आणि नळीच्या खालच्या तोंडाशी मोठी काचेची बाटली लावली. बीडहून बर्फ आणणारे चाचा स्वतःच टेंपो चालवत. पहिल्याच दिवशी त्यांची आणि बाईंची जुंपली, कारण बाईंना लाद्यांवर लाकडाचा भुसा नको होता.

"पूरे बीड के फळवाले भुशातला बर्फ घेतात. तुमचा डिंक काय आंब्यापेक्षा नाजूक हाय का?"

"आंब्यावरचा भुसा धुता येतो, चाचा. माझ्या पाण्यातला काढता येत नाही."

मग आक्कांनी घरून दोन जुन्या गोधड्या धुऊन आणल्या. तिसऱ्या दिवसापासून बर्फ गोधडी पांघरून येऊ लागला.

पहिल्या दिवशी दुपारी बाटलीत थेंब पडायला लागले तसे आम्ही सगळे वाकून पाहत होतो. संध्याकाळी बाटलीत दोन थर दिसले. खाली थोडं पाणी आणि वर स्वच्छ, पारदर्शक रसायन, साडेआठ लिटर. काल हे सगळं आभाळात गेलं होतं. मी बाटलीला हात लावून पाहिला, थंडगार होती. बाईंचा नियम कडक होता. पकडलेलं रसायन शिळं ठेवायचं नाही, कारण उन्हात ते आपलं आपणच तापून घट्ट व्हायला लागतं. बाटली रात्रभर बर्फाच्या टाकीतच ठेवायची आणि सकाळच्या घाण्यात पहिली तीच ओतायची.

आठवडा गेला आणि जोड्यांची बातमी माझ्याच घरी आली. गावाच्या पाण्याचा टँकर युनिटच्या समोरच्या मोकळ्या जागेत उभा राहायचा आणि आमच्या मंडळी तिथल्या रांगेत असायच्या. भाकरी वाढता वाढता त्या म्हणाल्या, "ओ खजिनदार, लगीन कुणाचं हाय तुमच्या सोसायटीत?"

"कुणाचं नाही."

"मंग बर्फाच्या लाद्या कावून उतरत्यात? आमी घागरीला घागर लावून उनात उभ्या, आन् तुमी आत सरबत पिता व्हय?"

मी दोनशे लिटर, अडीचशे लिटर, शंभर रुपये असं सगळं सांगितलं.

"आकडे नका सांगू. उद्या आमी येतो गेटावर."

खरंच आल्या. दहा-बारा बायका, प्रत्येकीच्या कमरेवर रिकामी घागर. चेअरमन म्हणाले, गेटला कुलूप घाला. बाईंनी स्वतः जाऊन गेट उघडलं आणि सगळ्यांना आत घेतलं. आदल्या दिवशीचा बर्फ वितळून पाणी झालं होतं. बाई म्हणाल्या, "तुमच्याच घागरींनी मोजा."

बायकांनी टाकीची तोटी सोडून मोजलं. सात घागरी. त्या सातही घागरी त्यांच्या डोळ्यांदेखत घाण्याच्या पाण्यात ओतल्या. तितकंच पाणी आपण टँकरवाल्याकडून कमी घेतो, हे आक्कांनी सांगितलं.

"म्हंजी पाणी तितकंच," आमच्या मंडळी म्हणाल्या. "मंग बर्फाचं जास्तीचं पैसं कशापायी?"

बाईंनी बाटली दाखवली, वरच्या थरावर बोट ठेवलं. "हे रोज उडून जात होतं. परवापरवापर्यंत तुमच्या रांगेत वास यायचा ना?"

"वास? डोळं चुरचुरायचं."

मागून एक म्हातारी म्हणाली, "तरीच! मी म्हनलं डोळ्याला पाणी कावून येईना आता. वाटलं, तेबी आटलं यंदा."

एवढ्या मोठ्यानं सगळ्या हसल्या की चेअरमन खोलीतून बाहेर आले.

म्हातारीनं लगेच विचारलं, ह्यातली एक घागर म्हशीला देता का? तिथे हो म्हणणं सगळ्यांत सोपं होतं, सगळ्या खूश होऊन गेल्या असत्या. बाई नाही म्हणाल्या. "आत नळीला बारीकसं छिद्र पडलं तरी रसायन पाण्यात उतरेल, मावशी. डिंकाला चालतं, जनावराला नाही." म्हातारी म्हणाली, "बरं झालं सांगितलंस, बाई," आणि घागर घेऊन रांगेकडे गेली.

त्या रात्री आमच्या मंडळींनी निकाल दिला. "बाई लई हुशार हाय. तुमी घरी नीट कावून सांगत न्हवता?"

"सांगत तर होतो."

"तुमी आकडे सांगत होता."

महिना पुरा झाला. पकडलेलं रसायन दोनशे एकवीस लिटर भरलं, म्हणजे बावीस हजार शंभर रुपयांचं. त्यातून बर्फ सहा हजार दोनशे चाळीस आणि टाकी, नळी, वेल्डिंग मिळून सात हजार चारशे वजा केले. राहिले आठ हजार चारशे साठ. पुढच्या महिन्यापासून टाकीचा खर्च नव्हता. चेअरमनांनी आकडा दोनदा वाचून घेतला, पगाराच्या अटीवर स्वतःच्या हातानं काट मारली आणि युनिट चालू ठेवण्याचा ठराव स्वतःच मांडला. नंतर बाईंना म्हणाले, "मॅडम, मला वाटलं होतं तुम्ही आम्हाला गार कराल. तुम्ही वाफच गार केली." बाई पहिल्यांदा हसल्या आणि पुढच्या महिन्यासाठी दुसरी टाकी मागितली.

पगाराच्या दिवशी मुकादम मोटारसायकल लावून गेटाबाहेर थांबला होता. त्या दिवसांत तो गावोगाव उचल वाटत फिरायचा. आक्का त्याच्याजवळ गेल्या. मी खिडकीत पैसे मोजत होतो, तिथून ऐकू येत होतं.

"काय आक्का, किती लिहू?"

"यंदाबी न्हाई, मुकादम. पोरगी धाव्वीत हाय."

"कारखाना बंद पडला तर मंग?"

"पडला तर तुझ्याकडं येईन की. आज पगार हाय, मधी उभा राहू नको."

त्या दिवशी चाचांना बर्फाचे सहा हजार दोनशे चाळीस दिले. बाईंना पगार पूर्ण दिला, काहीही न कापता. आणि आक्कांना सव्वीस दिवसांची मजुरी, दोनशेप्रमाणे, पाच हजार दोनशे रुपये रोख दिले.