भिंतीला टेकवलेली जाळी

निवृत्त झाल्यावर माणसं बागेत फेऱ्या मारतात, एकमेकांच्या रक्तदाबाची तुलना करतात, नाहीतर इमारतीच्या कमिटीत शिरून इतरांचा रक्तदाब वाढवतात. आमच्या वरच्या मजल्यावरचे फिटर गंज चढवतात. स्वतःच्या हाताने बनवलेल्या नव्याकोऱ्या वस्तूवर, भिंग लावून, बारीक ब्रशाने.

चौतीस वर्षं ते पत्र्याच्या डब्यांच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त करत होते. आता त्याच यंत्रांची हुबेहूब मॉडेलं करतात, खऱ्याच्या बाराव्या हिश्श्याची. प्लास्टिकचा पत्रा, पितळी पट्ट्या आणि मेलेल्या घड्याळांची चाकं यांतून यंत्र उभं राहायला सहा महिने लागतात आणि ते म्हातारं व्हायला आणखी चार. भांडी घासायची लोखंडी घासणी आठवडाभर व्हिनेगरमध्ये बुडवली की जे तपकिरी पाणी उरतं, तो त्यांचा गंज. रंगाचे पोपडे हवे असले तर ओल्या पृष्ठभागावर जाडं मीठ भुरभुरवायचं, वरून रंग द्यायचा आणि वाळल्यावर मीठ खरवडून काढायचं. हात लागून झिजलेल्या कडांवर पेन्सिलीचं शिसं चोळायचं. "खिडक्यांचा गंज काढायला यांना वेळ नाही," असं त्यांची बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "आणि माझं मीठ कुठे जातं ते तर विचारूच नका."

प्रत्येक डागाला कारण हवं, एवढा एकच त्यांचा नियम. एका प्रदर्शनात कुणीतरी मोठ्या हौसेने केलेल्या लेथच्या दांड्यावर गंज दाखवला होता. फिटरांनी त्या गृहस्थाला बाजूला घेऊन विचारलं, की ज्या दांड्याला रोज आठ तास माणसाचा हात लागतो तो गंजला कसा, तुमच्याकडे संप चालू होता का. ते गृहस्थ अजून त्यांच्याशी बोलत नाहीत.

गेल्या वर्षी त्यांनी करायला घेतली ती झाकणं कापणारी जुनी प्रेस. वर जड चाक, खाली पेडल. पायाने पेडल दाबलं की लोखंडी ठोकळा धाडकन खाली येतो आणि पत्र्यातून झाकण कापून निघतं. खरी प्रेस केव्हाच भंगारात गेली, पण फिटरांना ती पाठ होती. पेडलच्या डाव्या बाजूला झिजलेला एक चट्टासुद्धा त्यांनी दाखवला, कारण ती चालवणारा माणूस पायाचा भार तिकडे टाकायचा. तो माणूस म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीचा नवरा, दाजी.

मॉडेलची बातमी कारखान्यापर्यंत पोचली. कारखान्याला पन्नास वर्षं होत होती आणि दारातल्या काचेच्या कपाटात ठेवायला काहीतरी जुनं पण स्वच्छ हवं होतं. प्रसिद्धी विभागातली एक बाई आली, तिने फोटो काढले आणि चार वेळा 'अमेझिंग' म्हणाली. फिटर खूश झाले. फुंकर मारून धूळ उडवायचा प्रयत्न न करणारं माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटलं होतं.

आठवड्याने तिचा फोन आला. सगळं उत्तम आहे, साहेबांना फार आवडलंय, फक्त प्रेसवर सुरक्षेची जाळी दिसत नाही. तेवढी बसवा ना, काका. नाहीतर लोकांना वाटेल, आपल्याकडे बिनजाळीची प्रेस चालायची.

फिटरांनी फोन ठेवला आणि त्या दिवशी घरातल्या सगळ्या खिडक्यांचा गंज खरवडून काढला. बायको घाबरली.

कारण आपल्याकडे बिनजाळीचीच प्रेस चालायची. जाळी नव्हती असं कुणी म्हणणार नाही. ठोकळ्यासमोर बसवायची पिवळी, मजबूत जाळी कारखान्याने रीतसर विकत घेतली होती. पण ती लावली की पत्रा आत सरकवायला दोन सेकंद जास्त लागत आणि साहेबांनी ते दोन सेकंद मोजले होते. म्हणून जाळी प्रेसच्या मागे भिंतीला टेकवलेली असे. वर्षातून एकदा तपासनीस येत. येण्याआधी ते कळवत, एवढे ते सभ्य होते. त्यांना ऑफिसात चहा मिळे आणि कप रिकामा होईपर्यंत फिटर पाना घेऊन जाळी चढवत. भोकं चार होती, वेळ दोन बोल्टांपुरताच असे. चार बोल्ट कुठे आहेत, असं कुठल्याही तपासनीसाने कधी विचारलं नाही. चहा चांगला असावा.

बावीस वर्षांपूर्वी एका दुपारी दाजींच्या उजव्या हाताची तीन बोटं त्या ठोकळ्याखाली गेली. त्यांना घेऊन निघालेली गाडी गेटबाहेर पडते न पडते तोच सुपरवायझर फिटरांना म्हणाला, जाळी चढव. फिटरांनी चढवली. तेव्हा घरात दोन लहान मुली होत्या, हे त्यांच्या बायकोने सांगितलं. ते स्वतः कधी सांगत नाहीत.

मग चौकशी झाली. जाळी जागेवर होती, त्याअर्थी कामगारानेच बाजूच्या फटीतून हात घातला असावा, असा निष्कर्ष निघाला. ती फट केवढी होती ते कुणी पाहिलं नाही. दाजींचा पंजा तिच्यातून मनगटापर्यंत सोडाच, पेरापर्यंतही गेला नसता. फायलीत त्यांच्या नावापुढे 'निष्काळजी' असं लिहिलं गेलं आणि त्यांची बदली गेटवर झाली. गेटवर फलक होता: 'अपघाताविना इतके दिवस'. त्यातला आकडा रोज सकाळी बदलायचं काम दाजींकडे आलं. उरलेल्या अंगठ्याने आणि करंगळीने त्यांनी ते निवृत्तीपर्यंत केलं. त्यांना हिणवायला म्हणून कुणी ते काम दिलं नव्हतं. यात काही विचित्र आहे, हे तिथल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. हिणवलं असतं तर निदान त्यांची दखल तरी घेतली गेली असती.

बोल्ट कुणी आवळले, हे दाजींनी कधीच विचारलं नाही. त्या शेडमध्ये फिटर एकच होता.

दर रविवारी दाजी पत्ते खेळायला येतात. हरले की उजवा हात दाखवून म्हणतात, बोटं शाबूत असती तर तुझी काय टाप होती. फिटर हसतात आणि पाणी प्यायला उठतात.

तर फोननंतर तिसऱ्या दिवशी फिटर जाळी करायला बसले. बायकोला वाटलं, नमले. केसाएवढ्या तांब्याच्या तारा विणून त्यांनी जाळी केली, चौकटीत बसवली, पिवळी रंगवली. तिच्यावर तेलाचा डाग नाही, ओरखडा नाही, गंज नाही. जी वापरलीच नाही तिच्यावर कसला डाग? वरच्या काठावर मात्र धुळीचा थर दिला आणि त्या थरात दोन हातांनी धरून उचलल्याचे ठसे उमटवले. मग मॉडेलखालची फळी मागे वाढवली, भिंतीचा वीतभर तुकडा उभा केला आणि जाळी त्या भिंतीला टेकवून ठेवली. प्रेसवरच्या चार भोकांपैकी दोहोंच्या कडा शिशाने चकचकीत केल्या. उरलेली दोन गंजाने बुजवली.

रविवारी दाजी आले. पत्ते काढण्याआधी फिटरांनी मॉडेल त्यांच्यापुढे सरकवलं. दाजींनी पेडलचा चट्टा पाहिला, अंगठ्याने चाक फिरवलं, आपल्या जुन्या सोबतिणीची चौकशी करावी तसं. मग मागच्या भिंतीकडे त्यांची नजर गेली आणि तिथेच राहिली.

"हे ठसे तुझे का रे?"

"हो."

"आणि भोकं दोनच."

"दोनच, दाजी. त्या दिवशीसुद्धा."

दाजींनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि आणखी एकदा वाकून पाहिलं.

"घाईत होतास," ते म्हणाले. "पीस पत्ते."

त्या दिवशी फिटर पाणी प्यायला उठले नाहीत.

मंगळवारी प्रसिद्धी विभागातली बाई मॉडेल न्यायला आली. पिवळा रंग बघून आधी आनंदली, मग वाकली. म्हणाली, काका, ही जागेवर नाहीये. फिटर म्हणाले, जागेवरच आहे. तिने पर्समधून गोंदाची छोटी ट्यूब काढली. एक थेंब लावला की झालं, मीच लावते, कुणाला कळणारही नाही. बिचारीचं वय तिशीच्या आत. अपघात झाला तेव्हा ती शाळेत असणार.

फिटरांनी आवाज चढवला नाही. तिच्या हातातली ट्यूब घेतली, तिचं झाकण नीट लावलं आणि परत दिली.

"साहेबांच्या सांगण्यावरून ही जाळी मी एकदा बसवलेली आहे, बाई. जिच्यासाठी बसवली ती फाईल तुमच्याच ऑफिसात आहे. आधी त्यातला एक शब्द खोडून आणा, मग बघू."

बाईने साहेबांना विचारून सांगते म्हटलं. त्याला आता सात महिने झाले. कारखान्याच्या काचेच्या कपाटात सोनेरी मुलामा दिलेला एक डबा आहे आणि खाली पाटी आहे: 'सुरक्षिततेची पन्नास वर्षं'.

प्रेस दाजींकडे आहे, टीव्हीशेजारी. ताईंचं घर म्हणजे आरसा; त्या दिवसातून दोनदा फडकं फिरवतात. पण यंत्र हवं तर पूस, जाळीवरच्या धुळीला हात लावायचा नाही, असं दाजींनी त्यांना बजावलं आहे. नवा पाहुणा आला की हमखास विचारतो, मागची ती जाळी निघालीय वाटतं, चिकटवून देऊ का? दाजी उजवा हात वर करतात, अंगठा आणि करंगळी, आणि सांगतात, निघालेली नाही, ती तिथेच असायची.